आक्कांचा रविवार

सोमवारी सकाळी सात वाजता, डोक्याला शाम्पू लागलेला असताना, माझा नळ बंद पडला. शेजारच्या खोल्यांतून पाण्याचा आवाज व्यवस्थित येत होता. मी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडले, "आक्का, पाणी गेलं!"

खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"गेलं न्हाई. म्या बंद केलंय."

"का?"

"काल कुटं व्हतीस?"

काल रविवार होता आणि मी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ताम्हिणीच्या रस्त्याला भजी खायला गेले होते. तसं सांगितल्यावर आक्का म्हणाल्या, "भजी खा की. कोन न्हाई म्हनतंय? पर त्या पोरीनं साडेआटपासून साडेधापत्तुर तुजी वाट बगितली. दोन तास. आता तूबी दोन तास बग."

बरोबर नऊ वाजता पाणी आलं. तोवर डोक्यावरचा शाम्पू वाळून कडक झाला होता आणि माझी मीटिंग बुडाली होती. असल्या तऱ्हेवाईक बाईच्या घरात मी एक दिवसही राहणार नाही असं मी त्या दिवशी निदान चार जणांना सांगितलं. पुढे मी तिथे सहा वर्षं राहिले.

आक्कांच्या इमारतीत प्रत्येक खोलीच्या पाण्याला वेगळा कॉक होता. तो त्यांनी मुद्दाम प्लंबरला सांगून बसवून घेतला होता. बाकीचे घरमालक भाडं थकलं की असलं काहीतरी करतात, पण आक्कांना भाड्याची फारशी पडलेली नसायची. त्यांचा सगळा जीव रविवारात होता.

खोली मिळाली तीसुद्धा अशीच. आयटी पार्काशेजारच्या माण गावात तीन घरमालकांनी मला आधी आडनाव विचारलं, मग मटण खाता का ते विचारलं, मग रात्री किती वाजता येता ते. आक्कांनी काहीच विचारलं नाही. "बस," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पाऊण तास झाला तरी बाहेर येईनात. माझ्यासारखाच खोली बघायला आलेला एक मुलगा दहा मिनिटांत वैतागून गेला. मी बसून राहिले, पण त्यात सहनशीलता वगैरे काही नव्हती. मला राग आला होता आणि तो काढल्याशिवाय मी उठणार नव्हते. शेवटी आक्का आल्या.

"फोन न्हाई काडलास त्यो?"

"बॅटरी संपली होती."

त्या खदाखदा हसल्या. "खरं बोलतीस. घे किल्ली. रविवारी सकाळचं दोन तास माजं."

मला वाटलं, पापड लाटायला वगैरे बोलावतील. मी मान डोलावली.

आक्का तेव्हा अडुसष्ट-सत्तरच्या असाव्यात. नऊवारी, पायात पुरुषी सँडल, आणि गळ्यात कुठल्याशा कंपनीच्या ओळखपत्राची निळी फीत. त्या फितीला ओळखपत्राऐवजी बावीस खोल्यांच्या किल्ल्या. जमीन आयटी पार्कात गेली, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, पण ट्रॅक्टर त्यांनी विकला नाही. चाकं काढलेला तो ट्रॅक्टर पार्किंगच्या कोपऱ्यात विटांवर उभा होता आणि रविवारी त्याच्यावर पोरं बसायची.

ही पोरं म्हणजे शाळेने हात टेकलेली पोरं. कुणाला वाचता येत नव्हतं, कुणी अडखळत बोलायचं, कुणाला जागेवर बसता यायचं नाही, कुणाची आई बांधकामावर आणि बाप कुठे आहे ते माहीत नाही. आसपासच्या शिक्षकांना आक्कांचा पत्ता पाठ होता. आक्का अशा प्रत्येक पोराची एकेका भाडेकरूशी जोडी लावून द्यायच्या. ज्याला रविवार जमणार नाही त्याला खोली नाही, इतका सरळ मामला. कोडिंग करणारे, कॉल सेंटरवाले, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करणारी एक बाई, सगळे रविवारी साडेआठला खाली हजर.

स्वतः आक्का दुसरीपर्यंत शिकलेल्या. बसची पाटी वाचता येण्यापुरतं वाचायच्या. पण जोडी लावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आणि त्यांच्या अंगणात 'ढ' हा शब्द चालत नसे. कुणाच्या तोंडून तो निघाला की त्या फाटकाकडे बोट दाखवायच्या. मग त्या माणसाने बाहेर जायचं, फाटक लावायचं आणि पुन्हा उघडून आत यायचं. "आता नीट बोल," म्हणायच्या. गावच्या एका माजी सरपंचांना त्यांनी एकाच सकाळी दोनदा बाहेर काढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. सरपंचही मुकाट्याने गेले आणि आले.

त्यांचे नियमही असेच. पहिला महिना पुस्तक काढायचं नाही. बसायची जागा पोराने ठरवायची. पोर बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही.

"मग करायचं काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बसायचं."

"आणि शिकवायचं कधी?"

"शिकवाया शाळा हाय की. शाळंत शिकवणारं लई. बसनारं कुनी न्हाई."

एकदा एका कंपनीची मंडळी आली. पंचवीस-तीस जण, सगळ्यांच्या अंगात सारखे पिवळे टी-शर्ट. बरोबर दोन मोठे केक, फुगे, वह्यांचे गठ्ठे आणि एक फोटोग्राफर. पोरं हरखून गेली. आक्का सगळं बघत होत्या. केक कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्यातल्या म्होरक्याला विचारलं, "परत कवा येनार?"

"पुढच्या वर्षी नक्की, आक्का."

"मंग केकबी पुडल्या वर्सी आना."

तो मुलगा हसला. आक्का हसल्या नाहीत. केक, फुगे, वह्या, सगळं त्यांनी पुन्हा गाडीत ठेवायला लावलं. पोरं रडायला लागली. मला भयंकर राग आला आणि मी आक्कांना तसं म्हणालेही, की केक खाल्ल्याने कुणाचं काय बिघडलं असतं? आक्का म्हणाल्या, "एक दिस येऊन लाडीगोडी लावायची आन् मंग तोंड दाकवायचं न्हाई. ह्या पोरांच्या नशिबी तसली मानसं ढीगभर हायेत. त्यात आनकी भर कशापायी?" त्यानंतर त्यांनी स्वतः चुलीवर कढईभर शिरा केला आणि पोरांची समजूत काढली. टी-शर्टवाल्यांपैकी दोघे मात्र पुढच्या रविवारी साधे कपडे घालून परत आले. त्यांना आक्कांनी ठेवून घेतलं.

हे सगळं कशासाठी, असं त्यांना विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. पाहणी करायला आलेल्या एका संस्थेच्या बाईंना त्या म्हणाल्या, "टाइमपास." मला म्हणाल्या, "शेत गेलं. सकाळी उटून कुनाच्या तरी मागं लागायची सवं हाय मला." खरं कारण त्यांनी कधीच सांगितलं नाही आणि मीही नंतर विचारायचं सोडून दिलं.

माझी जोडी लागली मंगलशी. मंगल दहावीत होती, वय सोळा. तिच्या घरच्यांची मेंढरं होती. पावसाळ्यात ही मंडळी माणच्या बाहेर, पत्र्याचं कुंपण घातलेल्या एका मोकळ्या प्लॉटच्या कडेला राहायची आणि दिवाळीनंतर कळप घेऊन ताम्हिणीच्या घाटाने खाली कोकणात उतरायची. मंगल शाळेसाठी आजीजवळ माणलाच थांबायची. बाकी विषय ती कसेबसे रेटायची, पण गणितात आकडे तिच्या डोळ्यांसमोर उलटेपालटे व्हायचे. ३ चा ६ व्हायचा, ६ चा ३. आक्कांनी सरकारी दवाखान्यात तीन खेपा घालून तिचं प्रमाणपत्र काढलं होतं. बोर्डाच्या पेपराला तिला जादा वेळ मिळणार होता. पण पेपरापर्यंत पोहोचायचं कसं हाच प्रश्न होता. हेडमास्तरांनी जुलैतच सांगून टाकलं होतं, "सहामाहीत गणितात पास झाली तर शाळेतून फॉर्म भरू. नाहीतर बाहेरून बसवा." आणि मंगलचा बाप म्हणाला होता, "भाईरून बशिवन्यापरीस कळपाबरं नेतो. मला मानूस कमीच पडतंय." म्हणजे सहामाही गेली की शाळा संपली. मंगलला हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी आक्कांनी महिनाभर पुस्तक उघडू दिलं नाही.

तो महिना आम्ही ट्रॅक्टरवर बसून काढला. मंगल ड्रायव्हरच्या सीटवर, मी बाजूच्या पत्र्यावर. तीन रविवार ती एक अक्षर बोलली नाही. माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं, दिवसभर कुणाचं तरी काहीतरी चुकलंय हे सांगण्याचं. गप्प बसणं मला झेपत नव्हतं. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "ताई, तुमाला कटाळा येत न्हाई?" मी म्हणाले, "खूप येतो." ती हसली. तिथून आमचं जमलं.

ऑगस्टमध्ये पुस्तक उघडलं आणि मी पहिल्याच दिवशी घाण करून ठेवली. मला वाटलं, हिला हिच्या घरातलं उदाहरण द्यावं. मी मोठ्या हुशारीने म्हणाले, "समज, तुमच्याकडे ऐंशी मेंढ्या आहेत. त्यातल्या छत्तीस विकल्या. मग किती राहिल्या?"

मंगलचा चेहरा एकदम उतरला. तिने वही मिटली, ट्रॅक्टरवरून उतरली आणि चालती झाली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सहामाहीला जेमतेम दोन महिने उरले होते.

मी आक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं बया! मेंढरं मोजलीस व्हय?"

"मी कुठे मोजली? उदाहरण दिलं."

"त्यांच्यात मोजत न्हाईत. आकडा तोंडातनं काडला की नजर लागती म्हनत्यात. आन् तू तर मोजलीस बी, इकलीस बी. छत्तीस!"

मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "चुकलीस ते चुकलीस. पर पंदरा दिस झालं, तू गेली का न्हाईस तिच्याकडं? हितं बसून कशाची वाट बगतीस?"

मला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा जास्त भीती, की ती नाही म्हणेल. त्याच संध्याकाळी आक्का मला घेऊन गेल्या.

काचेच्या इमारतींच्या मागे, जिथे रस्ता संपून चिखल सुरू होतो, तिथे जाळ्या बांधून मेंढरांसाठी आवार केलेलं होतं. मंगलचा बाप चुलीपुढे विडी ओढत बसला होता. उंच, वाळलेला, कमी बोलणारा माणूस. मी हात जोडले. "मामा, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

त्याने विडीचा एक झुरका घेतला. मग म्हणाला, "बसा. मेंढरं येऊंद्यात."

दिवस मावळताना कळप आला. जाळीला एक अरुंद वाट ठेवलेली होती. मंगल त्या वाटेत उभी राहिली आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटत होती. बोडकी. भुरी. काजळी. फाटक्या कानाची. काजळीचं पिल्लू. मला सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. शेवटची मेंढी आत गेली तशी मंगल म्हणाली, "टिकली न्हाई आली." बाप विडी टाकून लगेच उठला, काठी घेऊन आल्या वाटेने निघाला आणि अर्ध्या तासाने बांधकामाच्या नाल्यात अडकलेल्या टिकलीला खांद्यावर टाकून घेऊन आला. एकही आकडा न उच्चारता सगळा हिशेब चोख होता. आणि या मुलीला मी वजाबाकी शिकवायला निघाले होते.

परत येताना मी आक्कांना म्हणाले, "मग आता मी हिला मोजायला काय देऊ?"

"माजं भाडेकरू दे की. त्यास्नी कुनाची नजर लागत न्हाई."

पुढच्या रविवारी मंगल आली. आम्ही बावीस खोल्यांतले पन्नासेक भाडेकरू मोजले, त्यांच्या चपला मोजल्या, त्यांतले छत्तीस जण मी गावाला पाठवले. मंगल पोट धरून हसली. मग मी तिला ३ आणि ६ शेजारी शेजारी काढून दाखवले. "हे दोघे तुला सारखे दिसतात. तुझ्या मेंढ्या मला सारख्या दिसतात. तू त्यांना कशी ओळखतेस?"

तिने खूप वेळ बघितलं. "तोंडावरनं," ती म्हणाली. "ह्यो तीन डोंगराकडं तोंड करून हाय. सा हिकडं, काचंच्या बिल्डिंगीकडं बगतुया."

खरंच तसं होतं. ट्रॅक्टरवर बसलं की डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला इमारती. तीन डोंगराकडे बघतो, सहा बिल्डिंगकडे. त्या दिवसापासून एकही आकडा उलटला नाही. सप्टेंबरभर आम्ही झपाटल्यासारखी गणितं केली. बेरीज, शेकडेवारी, समीकरणं. मंगल हळू होती, पण पायऱ्या चुकत नव्हत्या. मी आक्कांना फुशारकीने वह्या दाखवायचे. आक्का वही उलटसुलट करून बघायच्या आणि म्हणायच्या, "चा घ्या."

सहामाहीत मंगल गणितात नापास झाली. तीन गुण कमी पडले.

ती ट्रॅक्टरवर येऊन बसली तेव्हा रडतही नव्हती. पेपर तिने माझ्या हातात दिला. मी बघायला लागले आणि दुसऱ्याच पानावर माझ्या लक्षात आलं. सगळी रीत बरोबर होती, प्रत्येक पायरी जागेवर होती, आणि सगळे तीन सहा झाले होते, सगळे सहा तीन.

"मंगल, वर्गात तू बसली होतीस तिथून डोंगर कुठल्या बाजूला होता?"

तिने डोळे मिटले, आठवलं, आणि उजवा हात वर केला.

शाळेतले बाक उलट्या दिशेला तोंड करून होते. पोरीने तीन बरोबर डोंगराकडे वळवले होते. चूक सगळी माझी होती. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या मला दोन महिन्यांत एकदाही सुचलं नाही की ट्रॅक्टर काही परीक्षेला नेता येत नाही. मी तिथेच रडायला लागले. मंगलच मला म्हणाली, "ऱ्हाऊंद्या ताई." त्या राहू द्या म्हणण्याने मला जास्तच रडू आलं. आठ दिवसांनी कळप निघायचा होता.

आक्का म्हणाल्या, "रडून झालं का? मंग त्यो पेपर जपून ठिव."

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली तेव्हा आक्का हेडमास्तरांच्या खोलीत, त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर, शेंगांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या. हेडमास्तर चांगले होते, अदबीने म्हणाले, "आक्का, काय काम काढलं?"

"मंगलीचा फारम."

"अहो, ते तर ठरलंय. पास झाली नाही ती."

"ठीक हाय. म्या बसती."

शाळा सुटेपर्यंत त्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही. पालक आले, शिपाई आला, शिक्षकांची मीटिंग झाली, आक्का शेंगा सोलत एका बाजूला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेले. हेडमास्तरांचा धीर सुटत चालला होता.

"आक्का, मला समजतंय हो. पण ही बोर्डात नापास होणार. शाळेचा निकाल खाली येतो. वर जाब मला द्यावा लागतो."

"मंग व्हऊंद्या नापास," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पर तुमच्या शाळंची म्हनून नापास व्हऊंद्या. आजवर समद्यांनी तिला भाईरच ठिवलंय. तुमीबी भाईर काडा, मंग ती जाईल कुटं?"

मी पेपर टेबलावर ठेवला आणि डोंगराची हकिगत सांगितली. हेडमास्तर स्वतः गणित शिकवायचे. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली आणि तीनच्या जागी सहा धरून पहिलं गणित तपासलं. मग दुसरं. मग तिसरं. मग उठून खिडकीशी गेले आणि डोंगर कुठे आहे ते बघून आले. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. कपाटातून त्यांनी फॉर्मची फाइल काढली.

आक्कांनी टोपली उचलली. "पावटा ऱ्हायलाय थोडा. घरी न्या," म्हणाल्या आणि तो त्यांच्या टेबलावर ओतून निघाल्या.

मंगलच्या बापाला सांगायला आम्ही गेलो तेव्हा जाळ्या सुटत होत्या. शाळेतून फॉर्म भरला असं कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "मंग ऱ्हाऊंद्या तिला आजीपाशी. मे म्हैन्यात बगू." कळप घाटाकडे निघून गेला. त्याच आठवड्यात आक्कांनी मंगलच्या डाव्या मनगटाला काळा दोरा बांधला. आता तीन दोऱ्याकडे बघणार होता आणि दोरा कुठल्याही वर्गात, कुठल्याही बाकावर डावीकडेच राहणार होता. हे मला का सुचलं नाही असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तू लई शिकलीस म्हनून."

हिवाळाभर आम्ही एकही रविवार चुकवला नाही. मार्चमध्ये पेपर झाले. मेमध्ये निकाल लागला. मंगल पाच विषयांत पास झाली आणि गणितात चार गुणांनी गेली. तीन-सहा एकही चुकला नाही असं ती शपथेवर सांगत होती. भूमितीने दगा दिला होता.

जुलैत पेपर पुन्हा देता येणार होता, पण मला त्याची आशा वाटत नव्हती. बाप दोन दिवसांपूर्वीच कळप घेऊन कोकणातून परतला होता. मे महिन्यात बघू म्हणाला होता, ते आता बघणार होता. शनिवारी संध्याकाळी मी आक्कांना म्हणाले, "संपलं, आक्का. उद्या ती येणार नाही." आक्का नव्या एका पोराच्या विवंचनेत होत्या. समोरच्या सोसायटीच्या वॉचमनचा सात वर्षांचा मुलगा. बोलत नव्हता, आणि कुणी बोलायला लागलं की कानांवर हात ठेवून पळून जायचा. दोन भाडेकरूंनी प्रयत्न करून हात टेकले होते. आक्का मला म्हणाल्या, "तू साडेआटला येऊन बस. ती यील न्हाईतर न्हाई. आपुन बसायचं."

रविवारी मी साडेआठला ट्रॅक्टरवर जाऊन बसले. पावणेनऊ झाले. नऊ वाजले. सव्वानऊला फाटक वाजलं आणि मंगल आत आली. तिच्या मागोमाग तिचा बाप. वर्षभरात तो माणूस त्या अंगणात पहिल्यांदा पाऊल टाकत होता. मुंडासं सारखं करत, काठी भिंतीला टेकवून तो आक्कांसमोर उभा राहिला. मंगलने माझ्याकडे बघितलं नाही. आता हा सांगणार आणि तिला घेऊन जाणार, असंच मला वाटलं.

"आक्का," तो म्हणाला, "बाकी इषय आलं म्हनं समदं. येकच मागं ऱ्हायलाय."

"व्हय."

"मागं ऱ्हायलेल्याला सोडून आमच्यात कुनी म्होरं जात न्हाई. त्येवडा आनाया हिला सोडतो जुलैपत्तुर. म्हनून आलो सांगाया."

मंगल ट्रॅक्टरवर चढली आणि तिने भूमितीचं पुस्तक उघडलं. मला पुस्तकातलं काहीही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. बापाने काठी उचलली आणि तो निघाला.

"कुटं चाललास?" आक्का म्हणाल्या.

"मेंढरं हायेत."

"मेंढरास्नी म्हातारी हाय. तितं बग, टाकीच्या मागं एक पोरगं बसलंय. त्येच्यापाशी जाऊन बस."

त्याने मान वळवून बघितलं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला वॉचमनचा मुलगा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"आक्का, मला लिवाया-वाचाया येत न्हाई."

"त्येलाबी येत न्हाई."

"मी त्येच्याशी बोलनार काय?"

"बोलूच नगंस. म्हनून तर तुला सांगती. माजं समदं भाडेकरू लई बोलत्यात."

मग त्याने काठी पुन्हा भिंतीला टेकवली, टाकीच्या मागे गेला आणि मुलापासून हातभर अंतरावर, उकिडवा, खाली बघत बसला. मुलाने डोकं वर केलं, त्याच्याकडे बघितलं आणि पळाला नाही. आक्का किल्ल्यांची फीत चाचपत आत वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "पुडल्या रविवारी साडेआटला ये. उशीर केलेला मला चालत न्हाई."